शिसपेन्सिल आणि संगणकाचें कुलूप

गेल्या सहामाहींत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस असा प्रश्न केला कीं, "सर, प्रोसेसरचा वेग कारखान्यानें ठरवून दिलेला असतांना तो घरीं बसून वाढवितां येतो हें खरें काय? आणि तसें केल्यानें प्रोसेसर कायमचा बिघडत नाहीं काय?" प्रश्न लहान होता, उत्तर मात्र एका तासांत संपलें नाहीं. त्या उत्तराशीं आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेंतील एक हकीकत जोडलेली असल्यामुळें तें येथें कांहींसें विस्तारानें लिहीत आहों. ज्यांच्या घरीं संगणक आहे व त्याचे पैसे ज्यांनीं भरले आहेत, त्या पालकांनींहि तें वाचावें अशी विनंति आहे.

प्रथम वेग म्हणजे काय तें पाहूं. कवाइतीच्या वेळीं मास्तर ढोलावर ठोका देतात व सर्व मुलें त्या ठोक्यावर पाऊल टाकतात, हें आपण रोज पाहतों. संगणकांतहि असाच एक ठोका असतो. मदरबोर्डावर बसविलेला स्फटिक व त्याच्या जोडीचें मंडल मिळून हा ठोका देतात. सेकंदास दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. परंतु प्रोसेसर हा इतरांपेक्षां फार चपळ; बाहेरचा एक ठोका पडेपर्यंत तो आंतल्या आंत सहा, सात, आठ पावलें टाकूं शकतो. बाहेरच्या एका ठोक्यास आंत किती पावलें टाकावयाचीं, त्या संख्येस गुणक म्हणतात. बाहेरचा ठोका १०० मेगाहर्ट्झ व गुणक ६ असेल तर प्रोसेसरचा वेग ६०० मेगाहर्ट्झ. हा गुणाकार दुसरींतील मुलासहि येईल. पण पुढील सर्व गोष्ट याच एका गुणाकारावर उभी आहे.

वेग वाढवावयाचा तर दोनच वाटा: एक तर ठोका जलद करावा, नाहीं तर गुणक मोठा करावा. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ह्या दोहोंपैकीं गुणकावर कारखानदारांनीं कुलूप घातलें. त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेंकडों प्रोसेसर एकदम घडविले जातात. घडल्यानंतर प्रत्येकाची परीक्षा होते व जो जितक्या वेगानें विनाचूक चालेल त्याप्रमाणें त्यावर आंकडा व किंमत पडते. म्हणजे स्वस्त व महाग हे दोघे पुष्कळदां सख्खे भाऊच असतात. १९९० च्या दशकांत कांहीं लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरील आंकडा खरवडून त्यावर मोठा आंकडा छापीत व भोळ्या गिऱ्हाइकास विकीत. ह्या लबाडीस आळा बसावा म्हणून कुलूप आलें. दुसरें कारण असें कीं, स्वस्त माल घेऊन लोकांनीं महाग मालाचें काम करून घेतलें तर महाग माल कोण घेणार? हीं दोन्हीं कारणें खरीं आहेत; कारखानदार पहिलें मोठ्यानें सांगतात व दुसरें मनांत ठेवतात.

गुणकास कुलूप असलें तरी ठोक्याची वाट मोकळी होती, आणि तिचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए. हा १९९८ च्या ऑगस्टांत बाजारांत आला. ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग ३००. पण ठोका १०० केला कीं तोच प्रोसेसर ४५० वर धांवे, आणि आश्चर्य असें कीं पुष्कळ ठिकाणीं तो तसा बिनतक्रार धांवलाहि. कांहीं मदरबोर्ड मात्र प्रोसेसर सांगेल तोच ठोका देत. ते प्रोसेसरच्या पट्टीवरील बी२१ ह्या क्रमांकाच्या एका संपर्कावरून, हा ६६ चा कीं १०० चा, तें ओळखीत. लोकांनीं त्या एका संपर्कावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. मदरबोर्डास वाटलें कीं हा १०० चा आहे! पट्टी काढली कीं प्रोसेसर पुनः पूर्वीचा. कायमचा बदल न करतां काम साधण्याचा याहून साधा मासला आम्हांस ठाऊक नाहीं.

तथापि ठोका वाढविण्यांत एक मोठी अडचण असे. त्या काळच्या मदरबोर्डावर एकाच ठोक्याचे भाग पाडून तो इतर अवयवांस वांटला जाई. ठोका १०० असतां पीसीआय खांचांस त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ, मिळे. ठोका ११० केला तर तोच हिस्सा ३६.७ होई, व चित्र दाखविणारें कार्ड, हार्ड डिस्क वगैरे बापडीं विनाकारण पळूं लागत. कवाइतींत एका चपळ मुलासाठीं ढोल जलद वाजविला तर मागच्या रांगेंतील लहान मुलें अडखळून पडावयाचींच. म्हणून खरी किल्ली गुणकाचीच हवी होती.

ती किल्ली सन २००० मध्यें सांपडली. त्या वर्षाच्या जून महिन्यांत एएमडी ह्या अमेरिकन कंपनीनें दोन नवे प्रोसेसर बाजारांत आणले: अॅथलॉनचा थंडरबर्ड नांवाचा नवा अवतार, व त्याचाच स्वस्त धाकटा भाऊ ड्युरॉन. दोघेहि ४६२ छिद्रांच्या सॉकेट ए नामक बैठकींत बसत. ड्युरॉनच्या नखाएवढ्या सिलिकॉनवर सुमारें अडीच कोटी ट्रान्झिस्टर होते. हें सिलिकॉन एका चौकोनी चिनी मातीसारख्या वडीवर पालथें बसविलेलें असे, आणि त्याच्या आजूबाजूस, वडीच्या उघड्या पृष्ठभागावर, बारीक सोनेरी ठिपक्यांच्या कांहीं जोड्या दिसत. प्रत्येक जोडी म्हणजे एक पूल. पुलांच्या गटांस एल१, एल२, एल३ अशीं नांवें असत.

ह्यांतील एल१ गटांत चार पूल होते. चारच कां? प्रोसेसर आपला गुणक चार तारांवरून सांगे. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे दोन स्थिती. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण सोळा. आणि पांचापासून साडेबारापर्यंत अर्ध्याअर्ध्यानें गुणक मोजले तर तेहि बरोबर सोळाच भरतात; मुलांनीं बोटांवर मोजून पाहावें. एल१ चे पूल जोडलेले असले तर ह्या चार तारांवर मदरबोर्डास आपलें म्हणणें मांडतां येई. ते तुटलेले असले तर प्रोसेसर आपल्या जन्माच्या गुणकावरच अडून बसे. आरंभींच्या कांहीं मालांत हे पूल शाबूत होते. लौकरच कारखान्यांत लेसर किरणानें ते तोडून माल पाठविण्यास सुरुवात झाली.

तुटलेला पूल पुनः जोडावयाचा तर डाख लावावा लागेल असें कोणासहि वाटेल. पण वाळूच्या कणाएवढ्या जागेंत डाख लावणें म्हणजे प्रोसेसरची आशा सोडणें. लोकांनीं उचलली ती शाळेंतील शिसपेन्सिल!

येथें थोडें थांबून ह्या पेन्सिलीचा विचार केला पाहिजे. शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसतें. ग्रॅफाइट व चिकणमाती ह्यांचें तें मिश्रण आहे. ग्रॅफाइट हें कोळशाच्याच मूलद्रव्याचें, कार्बनचें, एक रूप. हिराहि कार्बनच. परंतु हिऱ्यांतील प्रत्येक अणु आपल्या चारहि हातांनीं चार शेजाऱ्यांस घट्ट धरून असतो, म्हणून त्यांतून वीज वाहत नाहीं. ग्रॅफाइटांतील अणु तीन शेजाऱ्यांस धरतो व त्याचा चौथा इलेक्ट्रॉन त्या थरांत मोकळा हिंडतो. म्हणून ग्रॅफाइटांतून वीज वाहते. शिवाय हे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून तें कागदावर उमटतें. लिहितां येणें व वीज वाहणें हे दोन्हीं गुण एकाच रचनेंतून निघाले आहेत, ही गोष्ट आम्हांस आजहि मोठी गंमतीची वाटते. पेन्सिल जितकी मऊ, तितकें तींत ग्रॅफाइट अधिक व माती कमी. म्हणून ४बी किंवा ६बी पेन्सिल ह्या कामास उत्तम व २एच अगदींच निरुपयोगी.

कोणी म्हणेल, पेन्सिलीच्या रेघेचा विरोध तांब्याच्या तारेच्या मानानें फार मोठा. तो पूल काय कामाचा? प्रश्न योग्य आहे. पण एल१ च्या पुलावरून प्रोसेसरची शक्ति वाहत नाहीं; तेथें फक्त "शून्य कीं एक" एवढा निरोप जातो. बैलगाडी जाण्यास दगडी पूल हवा, चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या पोरास ओंडकाहि पुरतो. आणि दोन ठिपक्यांतील अंतर इतकें अल्प कीं रेघेची लांबी जवळजवळ नाहींच.

रीत अशी. संगणक बंद करून वीज काढावी. प्रोसेसर बाहेर घ्यावा, त्याचा पृष्ठभाग स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पुसावा. पेन्सिलीस चांगलें टोंक करावें व भिंग डोळ्यास लावून एका पुलाच्या दोन ठिपक्यांमध्यें पुनः पुनः घासावें. शेजारच्या पुलास रेघेचा स्पर्शहि होतां कामा नये. चारहि पूल जोडले कीं प्रोसेसर बैठकींत बसवावा आणि मदरबोर्डावरील बारीक खटके अथवा बायोसमधील यादी ह्यांतून हवा तो गुणक निवडावा. ही सोय सर्व मदरबोर्डांवर नसे. असूस कंपनीच्या ए७व्ही मदरबोर्डावर खटके असत, तर अॅबिटच्या केटी७ वर बायोसांतून काम होई. पूर्ववत् करावयाचें तर खोडरबर व स्पिरिटाचा कापूस पुरे.

आम्ही हें पुस्तकांतून शिकलों नाहीं. २००१ सालीं आम्ही मुंबईस वसतिगृहांत राहून पदवीचें शेवटचें वर्ष करीत होतों. आमचे वडील एका लहान गांवीं कंपाउंडर. त्यांनीं पतपेढीचें कर्ज काढून आम्हांस लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून संगणक जुळवून दिला. त्यांत ड्युरॉन ६०० होता. कर्जाचे हप्ते अजून चालूं होते. त्यामुळें प्रोसेसरला कायमची इजा होईल असें कांहीं करण्याची आमची छाती नव्हती, आणि पेन्सिलीची गोष्ट ऐकल्यावर हात मात्र स्वस्थ बसेनात. पहिल्या रात्रीं पेन्सिल बोथट असल्यामुळें काळेपणा दोन पुलांवर पसरला. संगणक सुरू केला तों पंखा फिरतो, पण पडद्यावर कांहीं नाहीं. त्या वेळीं वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढें आला तो अजून विसरलों नाहीं. खोडरबरानें सर्व पुसलें, कापूस फिरविला, आणि संगणक ६०० वर मुकाट्यानें सुरू झाला. दुसऱ्या रात्रीं नवी ४बी पेन्सिल आणली. गुणक साडेआठ ठेवला तर विंडोज अर्ध्यावर कोसळे. आठ ठेवला तर चाले. ८०० मेगाहर्ट्झ!

चाले म्हणजे काय, हें मात्र पारखून घ्यावें लागतें. ६०० वर प्रत्येक पावलास सुमारें १.६७ नॅनोसेकंद मिळतात, ८०० वर सव्वाच. तेवढ्या अवधींत प्रत्येक निरोप आपल्या ठिकाणीं पोंचला नाहीं तर बेरीज चुकते, आणि संगणक चुकीची बेरीजहि तितक्याच आत्मविश्वासानें छापतो. म्हणून आम्ही मर्सेन अविभाज्य संख्या शोधणारा प्राइम९५ नामक प्रोग्रॅम रात्रभर लावीत असूं. ज्यांचीं उत्तरें आधीं ठाऊक आहेत अशीं गणितें करून तो प्रोसेसरची परीक्षा घेतो. एका चुकीवर परीक्षा नापास. हें न करतां "चालतो, चालतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दुसरी पारख उष्णतेची. प्रोसेसरमध्यें निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेग ६०० वरून ८०० केला व तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.५ वरून १.६५ केलें. वेगामुळें उष्णता १.३३ पट, व्होल्टेजमुळें १.२१ पट, मिळून सुमारें १.६ पट. फायदा तिसऱ्या हिश्शाचा, ताप त्याच्या दुपटीजवळ! आणि फायदाहि पूर्ण हातीं येत नाहीं, कारण हार्ड डिस्क व स्मृति पूर्वीच्याच चालीनें चालतात. त्यांतहि त्या पिढीच्या ड्युरॉन व थंडरबर्ड ह्यांच्या अंगीं स्वतःचा ताप ओळखण्याची सोय नव्हती. वरची हीटसिंक नीट बसली नाहीं तर ते कांहीं सेकंदांतच जळून जात.

आमच्या खोलीसोबत्याचा अॅथलॉन असाच गेला. पेन्सिलीचें काम त्यानें आमच्याहून सुबक केलें होतें. घाई झाली ती हीटसिंक बसवितांना. करपल्याचा वास आला आणि सर्व शांत झालें. त्यानें प्रोसेसर काढला, उन्हाकडे धरून पाहिला, आणि खोडरबर मागितला. आम्हींच तो दिला. रेघा गेल्या. दुसऱ्या दिवशीं दोघेहि दुकानीं गेलों. दुकानदारानें प्रोसेसर उलटसुलट करून पाहिला, कांहीं डाग दिसला नाहीं, व हमीच्या मुदतींत असल्यामुळें नवा काढून दिला. वर चहा पाजला. परत येतांना लोकलमध्यें आमचा मित्र हंसला, व आम्हीहि हंसलों.

महिन्याभरानें आम्ही पंखा घेण्यास त्याच दुकानीं गेलों तेव्हां दुकानदारानें विचारलें, "तुमच्या मित्राचा नवीन चालतो ना बरोबर? जुना वरच्या वितरकानें घेतला नाहीं. जाऊं द्या, धंद्यांत असें होतें." त्याला तो आपल्या पदरचा गेला होता. आम्ही "चालतो" एवढेंच म्हणालों, पंख्याचे पैसे दिले व निघालों. आमच्या मित्रास ही गोष्ट सांगितली तेव्हां तोहि कांहीं बोलला नाहीं. पुढें नोकरी लागल्यावर आम्ही त्या दुकानीं गेलों होतों, पण त्या जागीं दुसरेंच दुकान होतें.

तेव्हांपासून आमच्या मनांत "कायमचा बदल नाहीं" ह्या शब्दांस थोडा निराळा अर्थ आला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत कोणत्याहि यंत्राचा वेग, व्होल्टेज अथवा खटका बदलला तर तारीख घालून भिंतीवरच्या वहींत लिहावा, आणि बदल पुसला तर पुसला असेंहि लिहावें, हा नियम आम्हीं घातला तो यामुळेंच. मुलें ह्या वहीस हंसतात.

पेन्सिलीचा जमाना फार टिकला नाहीं. २००१ च्या ऑक्टोबरांत अॅथलॉन एक्सपी आला. त्याची वडी चिनी मातीसारखी नसून प्लॅस्टिकजातीची होती, व लेसरनें पूल तोडतांना तेथें खोल खळगा पडे. खळग्याच्या तळाशीं तांब्याचा थर. पेन्सिल तेथें पोंचेना, व वाहक रंग भरावा तर तो तळास लागून भलताच मार्ग होई. लोक आधीं खळगा गोंदानें बुजवीत व मग वरून रंग ओढीत. तें कायमचें काम झालें. आमच्या विषयांत तें बसत नाहीं. त्यापेक्षां दुसरी युक्ति सुबक होती: तारेंतील केंसासारखी एक बारीक तांब्याची काडी यू अक्षरासारखी वांकवून बैठकीच्या नेमक्या दोन छिद्रांत सोडावयाची व वर प्रोसेसर बसवावयाचा. दोन पाय आंतल्या आंत जोडले जात व गुणक बदले. प्रोसेसरला ओरखडाहि नाहीं. छिद्र चुकलें तर मात्र खैर नाहीं. पुढें २००९ मध्यें एएमडीच्या फेनम २ जातीच्या कांहीं प्रोसेसरांत तर चार गाभ्यांपैकीं एक किंवा दोन बंद करून माल विकला जाई, व कांहीं मदरबोर्डांच्या बायोसमधील एका नोंदीनें ते उघडत. उघडलेला गाभा चांगला असेल अथवा मुळांतच सदोष असेल. तें नशिबावर, व प्राइम९५ वर.

इंटेलनें २०१० पासून के अक्षर लावलेले प्रोसेसर मोकळ्या गुणकाचे विकले, अर्थात् अधिक किंमतीस. आणि २०१७ सालीं निघालेल्या एएमडीच्या रायझनांचे गुणक कारखान्यांतूनच मोकळे आले. ह्यांच्या अंगीं तापमापकहि असतो, व ताप फार झाला तर ते आपण होऊन वेग कमी करतात किंवा बंद पडतात. आतां पेन्सिलीचें काम उरलें नाहीं.

आमचा ड्युरॉन ६०० मात्र अजून चालतो. मागील सत्रांत तो आम्हीं शाळेंत आणला. प्रथम मुलांनीं कागदावर एच, एचबी, २बी व ६बी अशा चार पेन्सिलींनीं सारख्या लांबीरुंदीच्या गडद पट्ट्या भरून मल्टिमीटरनें विरोध मोजला, आणि कठीण पेन्सिलीपेक्षां मऊ पेन्सिलीचा विरोध कितीतरी कमी, हें स्वतः पाहिलें. मग एकीनें भिंग धरलें, दुसऱ्यानें पूल जोडले, व तिसऱ्या प्रयत्नांत पडद्यावर ८०० हा आंकडा आला. तास संपण्यापूर्वीं सर्व पुसून वहींत लिहिलें. ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनीं कोणत्याहि शनिवारीं मधल्या सुटींत प्रयोगशाळेंत यावें. पेन्सिल व खोडरबर आपापला आणावा.